सायप्रसचा तिढा

भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात सायप्रस हे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे सव्वानऊ हजार चौरस किलोमीटर. परंतु एका भूमीवर दोन समाजांनी कोणत्या व्यवस्थेने नांदावे, या प्रश्नावर मुत्सद्द्यांना सुचतील तेवढे बहुतेक सर्व तोडगे या बेटावर मांडले गेले. आणि म्हणूनच त्याचा इतिहास अभ्यसनीय आहे.

१५७१ मध्ये बेट तुर्की सुलतानाच्या सत्तेखाली गेले. १८७८ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे आला. विसाव्या शतकाच्या मध्यास वस्तीचे सुमारे चार पंचमांश लोक ग्रीक होते व सुमारे अठरा टक्के तुर्क. कित्येक गावांत दोघे शेजारी नांदत. ग्रीकांना ग्रीसमध्ये विलीन व्हावयाचे होते. १९५५ पासून त्यासाठी सशस्त्र लढा सुरू झाला. तुर्कांनी त्यास फाळणीच्या मागणीने उत्तर दिले.

१९५९ च्या झुरिच व लंडन येथील करारांनी विलीनीकरण आणि फाळणी या दोहोंनाही मज्जाव केला, आणि १९६० मध्ये बेट स्वतंत्र झाले. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्क. मंत्री सात व तीन. विधिमंडळात पस्तीस व पंधरा. सरकारी नोकऱ्यांत सत्तर व तीस, सैन्यात साठ व चाळीस टक्के. कराचा कायदा मंजूर होण्यास दोन्ही गटांचे वेगवेगळे बहुमत हवे. ग्रीस, तुर्कस्तान व ब्रिटन हे हमीदार. घटनेची मूळ कलमे तर कधीच बदलावयाची नाहीत, असेही ठरले. ही घटना लोकांपुढे मतासाठी मात्र ठेवली गेली नाही.

परिणाम लवकरच दिसला. कराचा कायदा अडला. सैन्याच्या तुकड्या मिश्र असाव्यात की वेगळ्या, यावर नकाराधिकार वापरला गेला आणि ठरलेले सैन्य उभेच राहिले नाही. अल्पसंख्याकांना जे कवच वाटे, ते बहुसंख्याकांना बेडीसारखे वाटे. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी तेरा दुरुस्त्या सुचविल्या. डिसेंबरात रक्तपात झाला. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे नेतृत्व करणारे आपले जनरल थिमय्या १८ डिसेंबर १९६५ रोजी सायप्रसमध्येच निवर्तले.

जुलै १९७४ मध्ये ग्रीसमधील लष्करशहांच्या चिथावणीने मकारिओस यांच्याविरुद्ध उठाव झाला आणि पाचच दिवसांत तुर्की फौजा उतरल्या. ऑगस्टअखेर बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्यांच्या ताब्यात होता. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे आणि सुमारे पंचेचाळीस हजार तुर्क उत्तरेकडे गेले. जी फाळणी कराराने निषिद्ध होती ती शस्त्राने घडली.

त्यानंतर तीन मार्ग उरले. एकसंध राज्य हा पहिला. परंतु त्यात तुर्कांना कायमचे अल्पमत दिसते. दोन स्वतंत्र राज्ये हा दुसरा. १९८३ मध्ये उत्तरेने तसे राज्य घोषित केले, पण त्यास तुर्कस्तानखेरीज कोणीही मान्यता दिली नाही, आणि निर्वासित ग्रीकांच्या घरादारांचा प्रश्न तसाच राहतो. दोन घटकांचे संघराज्य हा तिसरा; १९७७ मध्ये मकारिओस व देंक्ताश यांनी त्यास तत्त्वतः संमती दिली होती.

२४ एप्रिल २००४ रोजी कोफी अन्नान यांच्या संघराज्य-योजनेवर दोन्ही समाजांचे वेगवेगळे मत घेतले गेले. तुर्कांपैकी सुमारे पासष्ट टक्क्यांनी होकार दिला. ग्रीकांपैकी सुमारे शहात्तर टक्क्यांनी नकार. तडजोड होवो न होवो, युरोपीय संघाचे सदस्यत्व आठवड्याभरात मिळणारच होते. शिवाय तुर्की फौजा आणि हमीदारांचे अधिकार यांची ग्रीकांना धास्ती होती. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील वाटाघाटीही प्रामुख्याने याच मुद्द्यावर मोडल्या.

या साऱ्याचा निष्कर्ष काय? १९६० च्या घटनेने जागांची वाटणी बारकाईने केली; परंतु मतभेद झाल्यास कोंडी फोडावयाची कशी, हे तिने पुरेसे सांगितले नाही. तिच्या रक्षणाचे काम ज्या बाहेरच्या सत्तांवर सोपविले, त्या स्वतःच पक्षकार होत्या. आणि जेव्हा लोकांचे मत घेतले गेले, तेव्हा एका पक्षाला नकाराची झळ लागणार नव्हती. पुढच्या कोणत्याही योजनेला हे तीन दोष टाळावे लागतील. घर सोडून गेलेली पिढी थकत चालली आहे. तिच्या नातवंडांना पलीकडचा शेजारी केवळ ऐकून ठाऊक आहे. विलंबाची खरी किंमत तीच आहे.