पराभवाचें माप कोणाच्या पदरीं?

राष्ट्राचा संघ हरला म्हणजे लोक चिडतात, ही गोष्ट जुनीच आहे. परंतु ते कोणावर चिडतात, ह्या प्रश्नाचें उत्तर काळाबरोबर बदलत आलेलें आहे. आणि तें कसकसें बदललें हें पाहावयाचें असल्यास इंग्लंडच्या फुटबॉल संघाइतकें बोधप्रद उदाहरण दुसरें मिळणें कठीण. ह्या खेळाचे नियम बांधले ते इंग्रजांनीं. १८६३ सालीं लंडनमधील एका टॅव्हर्नमध्यें जमलेल्या कांहीं गृहस्थांनीं फुटबॉल असोसिएशन स्थापन केली, आणि १८७२ च्या नोव्हेंबर महिन्यांत ग्लासगो येथें इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. सुमारें चार हजार लोकांनीं पाहिलेला तो सामना एकही गोल न होतां बरोबरींत सुटला. इंग्रज प्रेक्षकाच्या निराशेस तेथूनच आरंभ झाला, असें कोणी विनोदानें म्हटल्यास तें अगदींच वावगें होणार नाहीं.

अलीकडे त्या प्रेक्षकाच्या तोंडून जें गाऱ्हाणें ऐकूं येतें तें थोडक्यांत असें: आमचे खेळाडू एका आठवड्यांत जेवढें मिळवितात तेवढें आम्हांस वर्षानुवर्षें राबूनही मिळत नाहीं, क्लबाकडून खेळतांना ते जिवाचें रान करतात, आणि देशाचा अंगरखा अंगावर चढला कीं त्यांच्या पायांत बेड्या पडतात. ह्या गाऱ्हाण्यांत तथ्य किती हें ठरविण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. गाऱ्हाणें नवें आहे. पराभव मात्र जुने आहेत.

पैसे घेऊन खेळण्यास इंग्लंडांत १८८५ सालीं रीतसर परवानगी मिळाली. परंतु ज्या सभ्य गृहस्थांच्या हातीं खेळाचीं सूत्रें होतीं त्यांस हा व्यवहार मनापासून रुचला नव्हता. १९०१ सालीं त्यांनीं असा नियम केला कीं, कोणत्याही खेळाडूस, मग तो कितीही निष्णात असो, आठवड्यास ४ पौंडांहून अधिक वेतन देऊं नये. ही मर्यादा हळूहळू वाढत १९४७ सालीं १२ पौंडांवर व १९५८ सालीं २० पौंडांवर आली. त्या सुमारास कारखान्यांतील सामान्य कामगार आठवड्यास सुमारें १५ पौंड मिळवीत असे. ह्याहूनही कठोर दुसरा एक नियम होता. कराराची मुदत संपली तरी क्लबाच्या संमतीवांचून खेळाडूस दुसरीकडे जातां येत नसे. क्लबानें त्याचें नांव आपल्या यादींत अडकवून ठेवलें म्हणजे तो घरीं बसे, किंवा मुकाट्यानें सही करी. आपल्याकडे ज्यास वेठ म्हणतात तिच्यापासून हा प्रकार फार दूर होता असें मला वाटत नाहीं.

पण ह्याच व्यवस्थेचें एक फळ असें होतें कीं, खेळाडू आणि प्रेक्षक हे एकाच आळींतले लोक होते. प्रेस्टनचा टॉम फिनी हा त्या काळचा अप्रतिम खेळाडू. पण नळजोडणीचा धंदा त्यानें सोडला नव्हता, आणि लोक त्यास कौतुकानें ‘प्रेस्टनचा प्लंबर’ असेंच म्हणत. बोल्टनचा नॅट लॉफ्टहाऊस युद्धाच्या काळांत कोळशाच्या खाणींत उतरत असे. शनिवारीं ज्याच्या नांवानें आरोळ्या ठोकावयाच्या तो सोमवारीं दुकानाच्या रांगेंत आपल्यापुढें उभा दिसावा, ही स्थिति होती. त्याचा खेळ वाईट झाला तर लोक त्यास चार शब्द सुनावीतही असतील. परंतु ‘हा आमच्यांतला राहिला नाहीं’ असें म्हणण्यास कोणासही जागा नव्हती.

ह्या साध्यासुध्या पगाराच्या खेळाडूंनीं इंग्लंडास विजयच मिळवून दिले, अशी समजूत कोणाची असेल तर ती १९५० सालापाशीं कोसळते. त्या वर्षीं ब्राझिलांतील विश्वचषकाच्या सामन्यांत इंग्लंड प्रथमच उतरलें, आणि ता. २९ जून रोजीं बेलो होरिझोंते येथें अमेरिकेच्या संघानें त्याचा १-० असा पराभव केला. अमेरिकेचा गोलरक्षक प्रेतवाहक गाडी हांकण्याचें काम करी, एक खेळाडू शाळामास्तर होता, आणि ज्यानें गोल केला तो हैतीचा जोसेफ गेट्जेन्स न्यूयॉर्कमध्यें शिकत असतां उपाहारगृहांत भांडीं घासून पोट भरीत असे. इंग्लंडच्या बाजूनें फिनी खेळला. स्टॅन्ले मॅथ्यूज हा जगप्रसिद्ध खेळाडू मात्र मैदानाबाहेर बसून होता. ह्याचें कारण असें कीं, संघ निवडण्याचा अधिकार खेळाच्या जाणत्याकडे नसून समितीकडे असे, आणि ब्राझिलांत तो आर्थर ड्रूरी ह्या एकट्या गृहस्थांकडे सोंपविलेला होता. हे ग्रिम्सबी येथील मासळीचे व्यापारी. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं लॉर्ड्सच्या मैदानावर वेस्ट इंडीजनें इंग्लंडच्या क्रिकेट संघास त्याच्या घरींच प्रथम चीत केलें. त्यामुळें इंग्रज वाचकाचें अर्धें दुःख तिकडे वांटलें गेलें.

तीन वर्षांनीं, ता. २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं, पुष्कासच्या हंगेरियन संघानें वेंब्लीवर येऊन इंग्लंडास ६-३ असें हरविलें, आणि पुढल्या मे महिन्यांत बुडापेस्टला ७-१ असें. ह्या दोन पराभवांवर इंग्लंडांत जें लिहिलें गेलें त्याचा रोख पाहण्यासारखा आहे. निवड समिति जुनाट आहे, शिकविण्याची पद्धति मागासलेली आहे, आपण परदेशांकडून कांहीं शिकत नाहीं, अशी ती टीका होती. खेळाडू कमी पडले हें सर्वांस दिसत होतें. पण ते पैशानें माजले म्हणून कमी पडले, असें म्हणण्याचें धाडस आठवड्यास १५ पौंड मिळविणाऱ्या माणसांविषयीं कोण करणार? दोष समितीच्या पदरांत पडला.

पुढें १९६१ च्या जानेवारींत ती वेतनमर्यादा उठली. जिमी हिल ह्याच्या पुढारीपणाखालीं खेळाडूंच्या संघटनेनें संपाची तयारी केली, आणि संपाच्या ठरलेल्या दिवसाआधींच मालकांनीं माघार घेतली. लागलीच फुलम क्लबानें इंग्लंडचा कर्णधार जॉनी हेन्स ह्यास आठवड्यास १०० पौंड देऊं केले. १९६३ सालीं जॉर्ज ईस्टहॅम ह्यानें चालविलेल्या खटल्यांत न्यायमूर्ति विल्बरफोर्स ह्यांनीं खेळाडूस अडकवून ठेवण्याची ती जुनी रीत गैरवाजवी ठरविली. न्यायाच्या दृष्टीनें ह्या दोन्ही गोष्टी पन्नास वर्षें आधींच व्हावयास हव्या होत्या.

१९६६ सालीं वेंब्लीवर पश्चिम जर्मनीस ४-२ असें हरवून इंग्लंडानें विश्वचषक मिळविला, तेव्हां प्रत्येक खेळाडूच्या वांट्यास बक्षीस म्हणून सुमारें एक हजार पौंड आले. त्या वीरांच्या साधेपणाचे गोडवे आज फार गायिले जातात. परंतु त्यांपैकीं गॉर्डन बँक्स ह्यानें २००१ सालीं आणि अॅलन बॉल ह्यानें २००५ सालीं आपलें विश्वविजयाचें पदक लिलावांत काढलें, तें घरच्या माणसांची सोय लावण्यासाठीं. साधेपणाचें कौतुक करणाऱ्यांपैकीं तो साधेपणा स्वतःच्या संसारांत किती जणांस हवा असतो, कोण जाणे.

१९६६ चा संघ अॅल्फ रॅम्से ह्यांनीं एकट्यानें निवडलेला होता. समितीकडून तो अधिकार त्यांनीं आधींच काढून घेतला होता. त्यामुळें यशाबरोबर अपयशाचाही धनी आतां मॅनेजर झाला. १९७३ सालीं पोलंडशीं वेंब्लीवर १-१ अशी बरोबरी होऊन इंग्लंड विश्वचषकास मुकलें, आणि पुढल्या वर्षीं रॅम्से ह्यांस घरीं बसावें लागलें. त्यांच्यामागून आलेले डॉन रेव्ही १९७७ सालीं अर्ध्यावर काम टाकून संयुक्त अरब अमिरातीच्या नोकरीस गेले. देशापेक्षां द्रव्य मोठें मानल्याचा आरोप राष्ट्रीय संघाच्या संबंधांत इतक्या उघडपणें प्रथम झाला तो त्यांच्यावर, म्हणजे मॅनेजरावर. १९९२ सालीं स्वीडनकडून हार झाल्यावर एका खपाऊ वर्तमानपत्रानें ग्रेअम टेलर ह्यांच्या डोक्याच्या जागीं सलगमाचें चित्र छापलें. खेळाडू त्या काळींही कांहीं दरिद्री नव्हते. १९७९ सालींच एका खेळाडूच्या बदलीस दहा लाख पौंड पडले होते. तरी चित्र छापलें तें मॅनेजराचेंच.

मग तें माप खेळाडूंच्या पदरांत केव्हां पडलें? माझ्या मतें १९८९ ते १९९५ हीं सहा वर्षें निर्णायक होत. १९८९ सालीं शेफील्ड येथील हिल्सबरोच्या मैदानावर चेंगराचेंगरी होऊन अखेर ९७ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर मोठ्या मैदानांवरील उभें राहण्याच्या पायऱ्या जाऊन त्यांच्या जागीं खुर्च्या आल्या. माणसें सुरक्षित झालीं, पण तिकिटांचे दर वाढले आणि पायऱ्यांवरचा गरीब प्रेक्षक हळूहळू मैदानाबाहेर पडला. १९९२ सालीं प्रीमियर लीग निघाली व सामने दाखविण्याचे हक्क स्काय ह्या दूरचित्रवाणी कंपनीनें घेतले. तेव्हां हा बाहेर पडलेला प्रेक्षक दरमहा वर्गणी भरून घरच्या पडद्यासमोर बसूं लागला. १९९५ च्या डिसेंबरांत युरोपीय न्यायालयानें जां-मार्क बॉस्मान ह्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यांत निकाल दिला कीं, करार संपलेल्या खेळाडूबद्दल क्लबास मोबदला मागतां येणार नाहीं. जी रक्कम पूर्वीं क्लबाच्या तिजोरींत जाई ती आतां वेतनाच्या रूपानें खेळाडूच्या खिशांत जाऊं लागली. अशा रीतीनें एकाच आळींतील दोन माणसें दोन दिशांस गेलीं. एक उंच भिंतीआड राहावयास गेला, दुसरा पडद्यासमोर राहिला. आणि भिंतीचा खर्च आपल्याच वर्गणींतून निघतो हें दुसऱ्यास पक्कें ठाऊक होतें.

मग निराशेनें नवें रूप घेतलें. २००६ सालीं जर्मनींत विश्वचषक चालूं असतां खेळाडूंच्या बायका-मैत्रिणींनीं बाडेन-बाडेनच्या दुकानांत केलेल्या खरेदीचीं वर्णनें खेळाच्या वर्णनांइतकींच लोकांनीं चवीनें वाचलीं. २००७ च्या नोव्हेंबरांत पाऊणशें कोटी पौंडांहून अधिक खर्चून उभारलेल्या नव्या वेंब्लीवर क्रोएशियानें इंग्लंडास ३-२ असें हरवून युरोपीय स्पर्धेबाहेर काढलें. आणि ता. १८ जून २०१० रोजीं केपटाऊन येथें अल्जीरियाशीं एकही गोल न होतां सामना संपला, तेव्हां हजारों मैलांचा प्रवास करून आलेल्या इंग्रज प्रेक्षकांनीं आपल्याच संघाची हुर्यो उडविली. मैदानाबाहेर जातांना वेन रूनी कॅमेऱ्याकडे वळून, आपलेच लोक आपली हुर्यो उडवितात हें पाहून बरें वाटलें, अशा अर्थाचें उपरोधिक बोलला. दुसऱ्या दिवशीं त्यानें माफी मागितली. मॅनेजर फाबियो कापेलो ह्यांस वर्षास सुमारें साठ लाख पौंड मिळत असतांही त्या रात्रीं राग फिरला तो मुख्यतः खेळाडूंवर. नऊ दिवसांनीं जर्मनीनें ४-१ असा पराभव करून त्यांस घरीं धाडलें.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण ती रागाच्या भरांत बहुधा विसरली जाते. २००७ सालापासून इंग्लंडचे खेळाडू राष्ट्रीय सामन्यांचें मानधन धर्मादाय कार्यास देत आले आहेत. म्हणजे ‘हे लोक देशासाठीं पैशाकरितां खेळतात’ हा आरोप अक्षरशः खोटा आहे. पण प्रेक्षकाचा संशय ह्याच्या उलट आहे: जेथें पैसा नाहीं तेथें हे घाम गाळीत नाहींत. असा संशय आंकड्यांनीं दूर होत नाहीं. १५ पौंडांचा माणूस थकला तर तो थकला असें लोक म्हणत; लाखाचा माणूस थकला तर त्यानें फसविलें असें म्हणतात. खेळ तोच, पाय तेच, फक्त पाहणाऱ्याच्या मनांत एक खातेवही उघडलेली असते. ता. २७ जून २०१६ रोजीं नीस येथें आइसलंडनें इंग्लंडास २-१ असें हरविलें. त्या देशाची वस्ती सवातीन लाखांच्या आसपास, आणि त्याच्या दोघां मॅनेजरांपैकीं एक दंतवैद्य. १९५० सालीं प्रेतवाहक गाडी हांकणाराकडून झालेला पराभव हा दंतवैद्याकडून झालेल्या पराभवाहून लहान होता असें मला वाटत नाहीं. दुसरा मात्र फार झोंबला.

शिवाय हा पैशाचा आरोप नेहमींच निर्मळ असतो असेंही नाहीं. २०२० च्या एप्रिलांत महामारी चालूं असतां आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक ह्यांनीं फुटबॉलपटूंनीं वेतनकपात सोसून वांटा उचलावा असें जाहीर रीतीनें सांगितलें. लंडनच्या सराफपेढ्यांतील धनिकांचें नांव त्यांना त्या वेळीं आठवलें नाहीं. कामकऱ्याच्या पोरानें पैसा मिळविला म्हणजे तो लगेच डोळ्यांवर येतो. पिढीजात धनिकाचा येत नाहीं. त्याच वर्षीं मार्कस रॅशफर्ड ह्या तरुण खेळाडूनें गरीब मुलांच्या सुटींतील जेवणासाठीं चळवळ करून सरकारास आपला निर्णय फिरवावयास लाविलें. तरीही पुढल्या वर्षीं, ता. ११ जुलै २०२१ रोजीं, युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत त्याची पेनल्टी चुकली तेव्हां त्यास व त्याच्या दोघां सोबत्यांस वर्णावरून अत्यंत घाणेरड्या शिव्या खाव्या लागल्या, आणि मँचेस्टरमधील भिंतीवर काढलेलें त्याचें चित्र विद्रूप करण्यांत आलें. थोड्याच वेळांत शेजारच्या लोकांनीं त्यावर चिठ्ठ्या, फुलें व निशाणें लावून तें झांकून टाकलें.

आश्चर्य हें कीं, ह्याच काळांत संघावरील प्रेमही परत आलें होतें. २०१८ सालीं रशियांत गॅरेथ साऊथगेट ह्यांचा संघ उपांत्य सामन्यांत क्रोएशियाकडून हरला, तरी लोकांनीं त्याचें कौतुकच केलें. खेळाडूंचीं वेतनें त्या सालीं कमी झालीं नव्हतीं, उलट वाढलीं होतीं. फरक एवढाच होता कीं, साऊथगेट ह्यांनीं खेळाडूंस मोकळेपणानें बोलावयास लाविलें, आणि आपला गांव, आपली शाळा, आपली आई ह्यांविषयीं ते बोलतांना दिसल्यावर पडद्यापलीकडचा माणूस पुन्हां ओळखीचा वाटूं लागला. पण ती ओळखही फार दिवस पुरली नाहीं. ता. २५ जून २०२४ रोजीं कोलोन येथें स्लोव्हेनियाशीं गोलावांचून बरोबरी झाली, आणि सामना संपल्यावर साऊथगेट टाळ्या वाजवून प्रेक्षकांचे आभार मानण्यास त्यांच्या बाजूला गेले असतां त्यांच्या अंगावर बिअरचे प्लास्टिकचे पेले येऊन पडले. संघ त्या स्पर्धेंत अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, बर्लिन येथें स्पेनकडून २-१ असा हरला, आणि दोन दिवसांनीं साऊथगेट ह्यांनीं राजीनामा दिला.