खुबारोपणाचे शस्त्रमार्ग (खानदेशच्या संदर्भासह)

संधिझिजेने निकामी झालेला खुबा काढून कृत्रिम सांधा बसविताना, स्नायूंच्या जाड थराखाली दडलेल्या त्या सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यविशारद ज्या वाटा योजितात, त्यांस ही संज्ञा आहे. जॉन चार्नली यांनी 1962 साली इंग्लंडातील रायटिंग्टन रुग्णालयात आधुनिक खुबारोपणाचा पाया घातला, तेव्हा ते मांडीच्या हाडाचा बाहेरील उंचवटा करवतीने सोडवून आत शिरत व अखेरीस तो तारेने बांधीत. परंतु तो उंचवटा काही रुग्णांत पुन्हा सांधत नसे, म्हणून नित्याच्या शस्त्रक्रियेत ही रीत मागे पडली.

आज मुख्यतः तीन मार्ग प्रचारात आहेत. ऑस्टिन मूर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पश्च मार्गात चालण्याचा तोल राखणारा मध्यम नितंबस्नायू अबाधित राहतो, हाड प्रशस्त दिसते आणि प्रसंगी छेद वाढविता येतो. सायटिक तंत्रिका जवळ असणे व सांधा मागे निखळण्याचे भय हे त्याचे दोष होत, तथापि सोडविलेले लहान स्नायू व संधिकोश पुन्हा नीट शिवल्यास हे भय पुष्कळ कमी होते. केव्हिन हार्डिंज यांनी 1982 साली वर्णिलेल्या पार्श्व मार्गात सांधा क्वचितच निखळतो, मात्र मध्यम नितंबस्नायूचा काही भाग सोडवावा लागत असल्याने रुग्ण लंगडत राहण्याचा संभव असतो. अग्र मार्ग स्नायू न कापता त्यांच्या फटीतून जातो, म्हणून रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत लवकर हिंडूफिरू लागतो. पण मांडीस बधिरता येणे आणि शल्यविशारदाचा हात बसेपर्यंत हाड फुटणे हे त्याचे धोके. वर्षभरानंतर तिन्ही मार्गांतील अंतर बहुतांशी मिटते, आणि म्हणूनच लहान व्रणाच्या जाहिरातीपेक्षा शल्यविशारदाच्या सरावास अधिक वजन दिले पाहिजे.

खानदेशात या निवडीस निराळे परिमाण आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात खुब्याच्या गोलकाचा रक्तपुरवठा तुटून ऐन तारुण्यात सांधा झिजतो आणि हाडातील पोकळीही कित्येकदा अरुंद व कठीण झालेली असते. अशा हाडात कृत्रिम सांध्याचा दांडा बसविताना ते भेदले जाण्याचा धोका असल्याने, हाड मोकळे दिसणारा व वाढविता येणारा पश्च मार्ग येथे अधिक भरवशाचा ठरतो. परंतु खुबा खोल वाकून मांडी आत वळली की याच मार्गाने बसविलेला सांधा निखळू शकतो. सबब कापसाच्या शेतात उकिडवे बसून निंदणी करणाऱ्या बाईस बैठकीचे पथ्य शस्त्रक्रियेपूर्वीच, तिच्या घरच्यांसमक्ष, समजावून देणे हा इलाजाचाच भाग मानावा लागतो.

उपचारखर्चाच्या मदतीसाठी असलेली राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 च्या जुलैत ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम अमलात आली, त्यांत धुळे होते. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि 2018 पासून जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या मुलखातील प्रमुख सरकारी शिक्षणरुग्णालयांपैकी होत.