वळूची परीक्षा

वसंतातल्या या ज्ञानसत्रात गाईबैलांची कथा सांगण्यास आम्ही उभे राहिलेले पाहून काही श्रोत्यांस नवल वाटेल. शहरवासीयांचा गाईशी संबंध सकाळी दाराशी येणाऱ्या दुधापुरता. परंतु त्या दुधामागे मनुष्याच्या बुद्धीची अडीचशे वर्षांची एक धडपड उभी आहे, आणि तिच्यात यशाबरोबर ठेचाही पुष्कळ आहेत.

मूळ कोडे असे. गाय चांगली की वाईट हे धार काढताच कळते. वळू तर दूध देत नाही. तरीही प्रत्येक कालवडीचा निम्मा वारसा त्याच्याकडून येतो. शिवाय गाईला जन्मात पाचसहा वेत झाले तर होतात, वळूची संतती मात्र शेकड्यांनी मोजावी लागते. म्हणजे ज्याच्या निवडीवर सर्वाधिक अवलंबून, त्याचाच गुण डोळ्यांना दिसत नाही! आपला शेतकरी बाजारात शिंगे पाहतो, वशिंड पाहतो, खूर आणि चाल पाहतो. जमले तर आईच्या दुधाची चौकशी करतो. ‘खाण तशी माती’ हा त्याचा सिद्धान्त. तो खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. एकाच गाईचे, एकाच वळूपासून झालेले दोन गोऱ्हे सारखे निघत नाहीत, हे त्यालाही ठाऊक असते.

या कोड्यात पहिला मोठा हात घालणारा पुरुष म्हणजे इंग्लंडातील लेस्टरशायर परगण्यातला शेतकरी रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५). आपले मेंढे आणि वळू विकून टाकण्याऐवजी तो ते हंगामापुरते भाड्याने देई. त्यामुळे एकाच नराची संतती अनेकांच्या कळपांत पाहावयास मिळे, आणि नर मालकीचाच राहिल्याने उत्तम ठरलेला पुन्हा घरी वापरता येई. बापाची परीक्षा लेकरांवरून करावी, हे तत्त्व येथे व्यवहारात आले. पण त्याच बेकवेलने लांबशिंगी गुरांत मांस लवकर भरावे एवढ्यावरच दृष्टी ठेवली आणि जवळच्या नात्यांत जोड्या लावल्या. जनावरे गुबगुबीत झाली. दूध आणि प्रजननशक्ती मात्र उणावली. पुढे काही दशकांत आखूडशिंगी जातीने त्यांना मागे टाकले. आपण जे मागतो ते मिळते, आणि जे मागावयाचे विसरतो ते हातचे जाते, हा या इतिहासातला पहिला धडा होय.

१८६६ साली मेंडेलने वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडले. प्रत्येक अपत्य आईचा आणि बापाचा निम्मा निम्मा वारसा घेते, पण कोणता निम्मा हे दैवावर असते. सख्ख्या भावांतील फरकाचे उत्तर त्यात होते. पुढे अमेरिकेत आयोवा येथे जे लश यांनी गुरांच्या निवडीला गणिताची बैठक दिली. त्यांचा ग्रंथ १९३७ सालचा. त्याच सुमारास, १९३६ मध्ये, डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी कृत्रिम रेतनाची सहकारी संस्था काढली. १९४९ साली पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी ग्लिसरीनच्या साह्याने वीर्य गोठवून टिकविता येते असे दाखविले. वळू मरून गेल्यावरही त्याची वासरे जन्मू लागली!

मात्र परीक्षेचा मार्ग तोच राहिला. वळू वयात यायचा, त्याच्या कालवडी जन्मायच्या, त्या वाढून व्यायच्या, त्यांचे दूध मोजायचे. एवढे होईतो पाचसहा वर्षे उलटत. तोवर परीक्षेतले बहुतेक वळू नापास ठरत, आणि त्यांना पोसण्याचा खर्च मात्र झालेला असे.

हे चक्र फिरविले ते २००१ सालच्या एका निबंधाने. म्यूवीसेन, हेज आणि गॉडर्ड या तिघांनी दाखविले की दुधाचे एखादेच जनुक शोधीत बसण्याचे कारण नाही. संपूर्ण वारशावर हजारो खुणा घ्याव्यात, ज्यांच्या मुलींचे दूध मोजलेले आहे अशा वळूंवरून प्रत्येक खुणेचे मोल ठरवावे, आणि नवजात वासराच्या खुणांची बेरीज करावी. २००७ च्या अखेरीस गुरांच्या सुमारे ५४ हजार खुणा एकदम वाचणारी चिप निघाली. २००९ च्या जानेवारीत अमेरिकेने असे मूल्यमापन अधिकृत केले, आणि त्याच वर्षी गाईचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. नवजात वासराविषयीचा अंदाज आता मायबापांच्या नोंदीवरून केलेल्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट भरवशाचा झाला. तेथील हॉल्स्टीन जातीत बाप-वळू आणि त्याचा वळू-मुलगा यांच्यातील वयाचे अंतर सुमारे सात वर्षांवरून अडीच वर्षांखाली आले.

आता त्या कथेकडे वळू, जिच्यासाठी आम्ही हा विषय निवडला. १९६२ साली अमेरिकेत ‘चीफ’ या नावाने प्रसिद्ध झालेला एक हॉल्स्टीन वळू जन्मला. त्याच्या मुली झाल्या १६ हजार, नाती ५ लाख आणि पणती २० लाखांहून अधिक. त्याच्या वंशाने दुधाचे पूर आणले. चिप आल्यावर शास्त्रज्ञांनी हजारो गुरांचे वारसे पडताळून पाहिले, तेव्हा २०११ मध्ये एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. पाचव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा पुष्कळ गुरांत एकेरी सापडे; मायबापां दोघांकडूनही तो मिळालेले जनावर मात्र एकही सापडेना. हिशेबाने अशी गुरे असावयास हवी होती. ती नव्हती, कारण ती जन्मलीच नव्हती. गर्भातच संपली होती. जी नाहीत त्यांच्या मोजदादीवरून दोष हाती लागला! तो तुकडा चीफपासून आलेला होता. २०१६ च्या संशोधनात नेमके जनुकही सापडले: एका अक्षराची चूक. तिच्यामुळे जगभर सुमारे सव्वापाच लाख गर्भपात झाले असावेत आणि ४२ कोटी डॉलरांची हानी झाली असावी, असा अंदाज त्या संशोधकांनी केला. चीफच्या वंशाने दिलेल्या दुधाचे मोल मात्र त्यांनी ३ हजार कोटी डॉलर मांडले.

तर मग चीफ चांगला की वाईट? आम्हांला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. झाकलेले दोष प्रत्येक प्राण्यात असतात. एकाच वळूची संतती अफाट वाढवून पुढे तिच्यातच जोड्या जुळू दिल्या, की झाकलेला दोष उघडा पडतो. आज दोष वाहणाऱ्या दोघांची जोडी टाळता येते, ही चिपचीच देणगी. पण तीच चिप निवड इतकी जलद करते की मोजक्याच घराण्यांकडे सर्वांची धाव लागते. तोडगा आणि धोका एकाच हातात आहेत.

आपल्याकडे काय? १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे ‘बाएफ’ संस्था स्थापिली आणि रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दाराशी नेली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातून देशी गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे लोकार्पण झाले. ही आनंदाची वार्ता आहे. परंतु काळ्यापांढऱ्या विलायती गाईंवरून शिकलेले मोल खिल्लार वा देवणी गाईला जसेच्या तसे लागू पडत नाही. येथील मोल येथल्याच गोठ्यांत ठरवावे लागते. त्यासाठी दोनतीन जनावरे बाळगणाऱ्या घरी कोणी तरी वेळेवर दूध मोजले पाहिजे, ते लिहिले पाहिजे, बाप कोण हे नोंदविले पाहिजे. वहीत काही नसेल तर चिप बिचारी काय वाचणार?

आणि मागावयाचे काय, हेही आधी ठरवावे लागेल. अमेरिकेत दुधाच्या मागे लागता लागता गाई गाभण राहीनाशा झाल्या, तेव्हा २००३ साली तेथे मुलींची गाभण राहण्याची शक्तीही वळूच्या गुणांत धरली गेली. आमच्या खिल्लाराला पिढ्यान् पिढ्या निवडले ते ओढीसाठी आणि चालीसाठी, उन्हातान्हात टिकण्यासाठी. दुधाच्या एकाच मापाने तो नापास ठरेल. दोष त्याचा नसेल, मापाचा असेल. बेकवेलच्या लांबशिंगी गुरांनी हा धडा अडीचशे वर्षांपूर्वी दिला आहे. चिप उत्तर देईल, आणि झटपट देईल. प्रश्न मात्र आपल्यालाच विचारावा लागेल, आणि तो विचारण्यापूर्वी आपण गोठ्यातल्या माणसाशी दोन शब्द बोलावे, एवढेच आमचे मागणे आहे.