यतीमाचा वली आणि वलीचा हिशेब

साताऱ्याच्या किल्ल्याचे नाव निघाले की आपल्याला शाहू महाराज आठवतात, ताराबाई आठवतात. त्यांच्याही शंभर-सव्वाशे वर्षे आधी याच किल्ल्यावर चांदबीबी कैदेत होती, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. १५८० साली विजापूरचा पहिला अली आदिलशहा मारला गेला. त्याच्यामागे गादीवर बसला तो त्याचा पुतण्या इब्राहीम, वय अवघे नऊ. मुलाचा सांभाळ अलीची बेवा चांदबीबी हिच्याकडे आला आणि कारभार सरदारांकडे. पहिला कारभारी कामिल खान मातला, तेव्हा चांदबीबीने त्याला दूर करवले. दुसरा किश्वर खान त्याच्याही पुढचा निघाला. त्याने चांदबीबीलाच मुलापासून तोडून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत धाडले. पुढे इख्लास खान हबशी आणि त्याचे सोबती उठले, किश्वर खान पळाला आणि चांदबीबी सुटून परत आली.

इतिहासाची पुस्तके ही हकीकत दरबारी कारस्थान म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. बाप नसलेले मूल कोणी सांभाळायचे, त्याचे धन कोणाच्या हाती राहायचे आणि सांभाळणारा बेइमान निघाला तर त्याला हटवायचे कोणी, हे तिन्ही प्रश्न या एका हकीकतीत आले आहेत. विजापुरात त्यांचा निकाल तलवारीने लागला. साध्या घरातल्या यतीमासाठी कोणी तलवार उपसत नाही. त्याला कायद्याचाच आधार असतो.

आपल्या फिकहने या प्रश्नांचा फार बारकाईने विचार केला आहे. मुलाला जवळ ठेवून वाढवणे म्हणजे हिजानत आणि त्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणे म्हणजे विलायत, अशा दोन वेगळ्या जबाबदाऱ्या तिने मानल्या. हनफी मताप्रमाणे हिजानतीचा पहिला हक्क आईचा. मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत तो तिच्याकडे राहतो. मालमत्तेच्या विलायतीचा क्रम मात्र ठरलेला आहे: बाप, बापाने नेमलेला वसी, आजा म्हणजे बापाचा बाप, आजाने नेमलेला वसी, आणि यांपैकी कोणी नसेल तर काझी. या यादीत आई नाही, हे सगळ्यांना माहीत असते. पण या यादीत चुलताही नाही आणि थोरला भाऊही नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? आपल्या गावांत भाऊ वारला की पुतण्यांच्या जमिनीचा कारभार चुलत्याकडे आपोआप जातो आणि लोक त्याला शरियतचा रिवाज समजतात. तो रिवाज असेल, शरियत नव्हे.

वलीवर देखरेखही ठेवलेली होती. कुरआनची सूरे निसा यतीमाच्या मालाबद्दल किती कडक बोलते, ते मदरशात शिकलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. मुले जाणती झाली का ते पारखा, झाली की त्यांचा माल त्यांच्या हवाली करा, आणि करताना साक्षीदार ठेवा, असा तिथला हुकूम आहे. साक्षीदार ठेवायचे म्हणजे हिशेब द्यायचा. वसीने खयानत केली तर त्याला बडतर्फ करण्याचा अधिकार काझीला होता. वलीपण ही मिरास नव्हती, अमानत होती, आणि अमानत परत घेणारा एक ओहदेदार बसलेला होता.

इंग्रजी अमलात तोच ओहदा गेला. आणि त्या अमलाची आपल्याकडची सुरुवातही एका मुलाच्याच प्रश्नाने झाली. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. मरणाआधी त्यांनी भोसले घराण्यातला एक मुलगा दत्तक घेतला होता. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने राज्य खालसा करू नये असे मत दिले. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर यानेही दत्तकाची बाजू घेतली. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानले नाही. राज्य खालसा झाले आणि झाशी, नागपूर यांच्या आधी साताऱ्याचा बळी गेला. या प्रकरणात कागदांचे ढीग लिहिले गेले. दत्तक शास्त्रोक्त आहे का, गादीचा वारसा कोणाचा, कंपनीची परवानगी होती का, असे सारे प्रश्न निघाले. त्या मुलाचे भले कशात आहे, हा प्रश्न वादाच्या मुळाशी कुठेच नव्हता. मूल म्हणजे नाव आणि मालमत्ता पुढे चालवणारा दुवा, अशीच त्या काळची समजूत होती, विलायतेतही आणि इथेही.

१८६४ च्या कायद्याने सरकारी न्यायालयांतले पंडित, मौलवी आणि काझी यांच्या नेमणुका बंद झाल्या. मुसलमानांनी तक्रारी केल्या तेव्हा १८८० साली काझींचा कायदा झाला, पण त्यात काझीला न्यायदानाचा कसलाही अधिकार दिला नाही. तो निकाहाच्या वेळी हजर राहणारा मानकरी झाला. इथे आपल्या समाजाचे जे नुकसान झाले, त्याची चर्चा होत नाही. वलीची कल्पना आपल्याकडे राहिली, वलीला जाब विचारणारा मात्र गेला. बेइमान वसीला बडतर्फ करायला मोहल्ल्यात कोणी उरले नाही.

ती जागा १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याने जिल्हा न्यायाधीशाला दिली. तेव्हा साताऱ्याचा जिल्हा मोठा होता. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग त्यातच होते, तर सांगली, मिरज, जत ही संस्थाने वेगळी होती. ती विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. नकाशे बदलले, पण १८९० चा हा कायदा दोन्ही जिल्ह्यांत आजही चालतो.

कायदा वाचला तर तो आपल्या फिकहला परका वाटत नाही. अज्ञान मुलाच्या स्वकीय कायद्याशी सुसंगत राहून, पण त्याचे कल्याण कशात आहे ते पाहून न्यायालयाने पालक नेमायचा, असे कलम १७ सांगते. मूल समजते असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. नेमलेल्या पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाची जमीन किंवा घर विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. आणि कलम ३९ मध्ये पालकाला काढून टाकण्याची कारणे दिली आहेत: विश्वासघात, कर्तव्यात सतत कसूर, मुलाचा छळ किंवा हेळसांड, चारित्र्याला बट्टा लावणारी शिक्षा, मुलाच्या हिताविरुद्ध स्वतःचा स्वार्थ, दिवाळखोरी. खायिन वसीला काझी ज्या कारणांनी हटवत असे, त्यांचीच ही सविस्तर यादी म्हणावी लागेल. बापाचा हक्कही बिनशर्त नाही. बाप हयात असताना दुसरा पालक नेमत नाहीत, पण तो न्यायालयाला नालायक वाटला नाही तरच. आईने परक्या पुरुषाशी दुसरा निकाह केला तर फिकहप्रमाणे तिची हिजानत जाते. न्यायालये मात्र तेवढ्या एका कारणावर न थांबता मुलाचे कल्याण पाहतात.

१९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने इमामबंदी खटल्याचा निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती सय्यद अमीर अली हे मुसलमान कायद्याचे मोठे जाणकार होते. एका बेवेने स्वतःच्या हिश्श्याबरोबर आपल्या अज्ञान मुलांचे हिस्सेही विकले होते. आई ही मुलांच्या मालमत्तेची कायदेशीर पालक नाही, म्हणून ही विक्री मुलांना बांधत नाही, असे ठरले. हा निकाल आईविरुद्ध गेला म्हणून तो आपल्या लक्षात आहे. पण तोच नियम चुलत्याला आणि भावालाही लागू आहे. न्यायालयाने नेमल्याशिवाय त्यांनी केलेली यतीमाच्या जमिनीची विक्री तितकीच पोकळ आहे. आईला जो दरवाजा बंद दिसतो, त्याला एक किल्ली आहे. ती जिल्हा न्यायालयात अर्ज करून मालमत्तेची पालक म्हणून स्वतःची नेमणूक मागू शकते. आपल्याकडच्या किती बेवांना हे कोणी सांगते?

ज्यांच्यामागे जमीनही नव्हती आणि वलीही नव्हता, त्या मुलांकडे कायद्याचे लक्ष उशिरा गेले. मुंबई इलाख्याचा बालकांचा कायदा १९२४ साली झाला आणि १९४८ साली नवा आला. छळ होणाऱ्या किंवा उघड्यावर पडलेल्या मुलाला न्यायालयाच्या हुकमाने आईबापांपासून दूर सुरक्षित जागी ठेवता येईल, हे तत्त्व त्यांतून रुजले. पण त्याआधी आपल्या भागात कायद्याची वाट न पाहता काम झाले होते. शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणाची संस्था आणि वसतिगृह सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातिधर्मांची गरीब मुले एका पंक्तीत जेवली. कफालत या शब्दाचा अर्थ आणखी काय असतो?

दत्तकाच्या प्रश्नावर मात्र आपला समाज अडखळला. सूरे अहजाबने मानलेल्या मुलाला त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारायला सांगितले. हजरत जैद यांच्या निमित्ताने हा हुकूम आला. मुलाचा नसब पुसू नका, हा त्याचा गाभा. यतीमाला घरी आणू नका, असे त्यात कुठेच नाही. १९७२ आणि १९८० साली सर्वांसाठी दत्तक कायद्याची विधेयके संसदेत आली, तेव्हा मुसलमानांकडून मोठा विरोध झाला आणि ती बारगळली. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात दत्तकाबरोबर कफालतीलाही मान्यता मिळाली. भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. पुढे बाल न्याय कायद्यात, विशेषतः २००६ च्या दुरुस्तीने, धर्म न पाहता दत्तक घेण्याची सोय झाली. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुसलमान व्यक्तीही या कायद्याखाली दत्तक घेऊ शकते. हा मार्ग ऐच्छिक आहे, ज्याला स्वकीय कायद्याप्रमाणे वागायचे त्याने तसे वागावे, असेही त्याच निकालात आहे. दत्तक घेणे हा मूलभूत हक्क ठरवायला न्यायालयाने नकार दिला.

आज २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे. आईबापांचा हक्क संपवायचा तर किती काळजी घ्यावी लागते, ते त्यात पाहावे. मूल सोडू पाहणाऱ्या आईबापांना बाल कल्याण समितीपुढे यावे लागते. समिती चौकशी आणि समुपदेशन करते. त्यांनी लिहून दिले तरी फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. टाकून दिलेल्या मुलाच्या आईबापांचा आधी शोध घेतला जातो आणि मगच समिती त्याला दत्तकासाठी मोकळे ठरवते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. त्या आदेशाने जन्मदात्या घराचे नाते कायमचे तुटते. दवाखान्यातून मूल परस्पर हाती देणे-घेणे हा गुन्हा आहे, मग देणाऱ्याची नियत कितीही नेक असो.

नाते तुटते, इथेच आपली अडचण आहे, आणि ती खरी आहे. पण सगळ्या यतीमांची गोष्ट एक नसते. ज्याचा बाप कोण होता हे ठाऊक आहे, ज्याचे आजोळ हयात आहे, अशा मुलासाठी १८९० च्या कायद्याखालचे पालकत्व आपल्या दीनाशी पूर्ण जुळते. मूल आपल्या बापाचे नाव ठेवून वाढते आणि सांभाळणाऱ्याच्या हाती न्यायालयाचा कागद राहतो. त्याला वारसा मिळत नाही, हे खरे. पण हयातीत हिबा करता येतो आणि एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. जे मूल कचराकुंडीपाशी सापडले, ज्याच्या नसबाचा माग लागत नाही, त्याला मात्र पूर्ण घर मिळत असेल तर त्याच्या आड यायचा आपल्याला काय हक्क?

२०२० आणि २०२१ च्या महामारीने हा विषय आपल्या दारात आणला. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने ५ लाख रुपयांची ठेव जाहीर केली, तेव्हा मुलाचा कायदेशीर पालक कोण, हा प्रश्न अनेक घरांत पहिल्यांदा निघाला. आमच्या उर्दू शाळांच्या दाखल्याच्या अर्जावर सरपरस्त असा रकाना असतो. तिथे मामू, खाला, फुफी, नानी अशी नावे येतात. बहुतेक जण खरोखर मायेने सांभाळतात. पण त्यांच्याजवळ कागद नसतो. उद्या मुलाच्या बापाच्या शेतावर कोणी हक्क सांगितला किंवा मुलालाच ओढून नेले, तर ती नानी काय दाखवणार?

म्हणून मोहल्ल्याच्या जमातींनी एक काम हाती घ्यावे. जकात वाटताना यतीमांची यादी होते, तिच्यात दोन रकाने वाढवावेत: मुलाच्या नावे काय आहे, आणि न्यायालयाने नेमलेला पालक कोण. जिथे दुसरा रकाना रिकामा असेल तिथे वकिलाचा खर्च बैतुलमालमधून करावा आणि अर्ज दाखल करावा. मूल सज्ञान झाले की त्याचा माल साक्षीदारांसमोर त्याच्या हवाली करावा. न्यायालयात जाणे म्हणजे दीनात ढवळाढवळ, असे कोणी म्हणाले तर त्याला एवढेच विचारावे की यतीमाचा हिशेब मागणारा काझी आता कुठे बसतो?