दिंडीचा मसालेभात



आपल्या दिंडीच्या शताब्दीच्या या पुस्तकात विणेकरी, चोपदार, मृदंगाचार्य यांच्याविषयी जाणत्या मंडळींनी लिहिलंच आहे. माझ्या वाट्याला चुलीचा इतिहास आला. विषय पोटाचा आहे म्हणून कुणी हलका समजू नये. वीस दिवस चालणाऱ्या माणसाला भजन जितकं लागतं, तितकंच जेवणही लागतं.

वारीची वाट फार जुनी. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. माऊलींचा वेगळा सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी पुढे सुमारे दीडशे वर्षांनी उभा केला. आपली दिंडी त्या मानाने लहान लेकरू. पण ती निघाली तेव्हा दिंडीला चूल नव्हती, हे आजच्या पोरांना ठाऊक नाही. ज्याची शिदोरी त्याच्या खांद्याला. जोंधळ्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. तिसऱ्या दिवशी भाकर वाळून खडखडीत व्हायची, ती पाण्यात कुस्करून खायची. मग पडशीतलं पीठ काढायचं, तीन दगड मांडायचे आणि ज्याने त्याने आपली भाकर भाजून घ्यायची. आषाढाचा पाऊस आला की सरपण ओलं, पीठ ओलं, डोळ्यांत धूर. आमचे आजोबा सांगायचे, की किती रात्री नुसत्या गुळ-शेंगदाण्यावर काढल्या त्याची गणती नाही.

भात तर आपल्या मुलखात सणाला, लग्नाला, नाहीतर आजाऱ्याला. आपलं रान जोंधळ्या-बाजरीचं. तांदूळ मावळातला, तो विकत आणायचा म्हणजे हात आखडायचा.

आता एक गोष्ट आहे, ती इतिहासात लपवून चालणार नाही. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तिथं जात बघत नाही. टाळाला टाळ लागायचा. पण मुक्कामाला चुली पेटल्या, की वेशीबाहेरच्या वस्तीतले माळकरी उठून लांब जाऊन बसायचे. त्यांना कुणी जा म्हणत नव्हतं, आणि या पण म्हणत नव्हतं. पंढरीतही चोखोबारायांची समाधी महाद्वारापाशी, आणि त्यांच्या मागून आलेल्यांना दर्शन तिथूनच. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा देवाचा दरवाजा सगळ्यांना उघडला. पण पंगतीचा उंबरा तसाच राहिला. तो आपल्या दिंडीत पंचवीस वर्षं आणखी राहिला.

तो मोडला दुष्काळाने. १९७२ चा पाऊस गेला, आणि पुढच्या वारीपर्यंत घराघरातल्या कणग्या झाडून झाल्या होत्या. गावं खडी फोडायच्या कामावर. खायला रेशनचा तांबडा मिलो आणि सुकडी. शिदोरी बांधायची कशाची? काही म्हणाले, यंदा वारी चुकवू. बायाच म्हणाल्या, वारी चुकवायची नाही, काय असेल ते एकत्र करू. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, वडिलांबरोबर होतो. आळंदीत मावळातल्या एका वारकऱ्याने आमची दशा बघून तांदळाचं एक पोतं बैलगाडीत टाकून दिलं. नातेपुत्याच्या पुढं नीरेच्या कालव्याखालच्या एका माळकऱ्याने वांग्यांची आणि बटाट्यांची पाटी दिली. कुणाच्या फडक्यात मूठभर डाळ, कुणाकडं शेंगदाणे. माझ्या आईच्या बटव्यात घरचा काळा मसाला होता. गुऱ्हाळवाल्याची एक कढई मागून आणली, चर खणून चुलवण केलं, आणि सगळं एकात शिजवलं. पाणी लांबच्या विहिरीवरून आणलं ते वस्तीतल्या माळकऱ्यांनी. दुसरं पाणीच नव्हतं.

पंगत एक बसली. माझे वडील मात्र बसले नाहीत. घागर कुणाची, हे त्यांनी बघितलं होतं. मूठभर फुटाणे खाऊन ते गाडीखाली निजले. मी पोरगा, मला भूक. मी जाऊन बसलो आणि पोटभर जेवलो. वडिलांनी बघितलं, पण काही बोलले नाहीत. तीन दिवस असंच चाललं. द्वादशीला पंढरीत पारण्याची पंगत बसली, तेव्हा ते गुमान येऊन बसले. ज्याची घागर होती, तोच भात वाढत होता. वडील म्हणाले, "जरा मीठ आण गा." एवढंच. त्यानंतर मरेपर्यंत ते वेगळं जेवले नाहीत.

मी आज काल्याचं कीर्तन करतो. गोपाळांच्या शिदोऱ्या देवाने एकत्र कालवल्या, असं लोकांना सांगतो. पण मला काला कळला तो त्या कढईत.

तेव्हापासून मसालेभात दिंडीचा झाला. त्याला कारणंही आहेत. दोनशे माणसांच्या भाकरी थापायच्या तर बायांचे हात मोडतात, त्यांचं भजन बुडतं. भाताला एक चूल, दोन माणसं पुरतात. शंभर पानांना दहा किलो तांदूळ, हा आमचा हिशोब. कांदा-लसूण दिंडीच्या कढईत पडत नाही. वाटेवर वांगं चालतं, पण एकादशीला चातुर्मास लागतो आणि वांगं वर्ज्य होतं, म्हणून द्वादशीच्या भाताला तोंडली.

ज्या माऊलींना घर-गुरांमुळं वारी घडत नाही, त्या द्वादशीला घरी हाच भात करतात. त्यांच्यासाठी रीत लिहितो. दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवावा. तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, तमालपत्र, हळद घालावी. तोंडलीच्या उभ्या फोडी, बटाटा, मटार असेल तर मटार परतावा. मग तांदूळ टाकून दाणा गरम होईस्तोवर हलक्या हाताने परतावा. दोन चमचे काळा मसाला, तिखट, मीठ, गुळाचा छोटा खडा घालावा. पाणी चार वाट्या, आणि ते उकळतंच घालावं. गार पाणी घातलं की भात चिकट होतो. मंद आचेवर झाकून शिजवावा, मध्ये ढवळू नये. शेवटी तूप, ओलं खोबरं, कोथिंबीर. आंबेमोहोर चांगला. त्याच्याच वंशातला इंद्रायणी वडगाव मावळला तयार झाला, तोही चांगला. पण तो मऊ होतो, त्याला पाणी जरा कमी घालावं. आळंदीच्या नदीचं नाव लागलेला तांदूळ पंढरीच्या पारण्याला असावा, असं मला आपलं वाटतं.

आता शेवटचं. आज दिंडीत टँकर आहे, गॅस आहे, आचारी आहे. पण दोन-चार वर्षं बघतोय, देणगीदारांना खुर्च्या-टेबलं वेगळी लागतात, काही घरं आपल्या गाडीजवळ आपलं वेगळं शिजवतात. जातीचा उंबरा गेला आणि पैशाचा आला, असं होऊ नये. दुष्काळात आपल्याकडं काही नव्हतं, म्हणून आपण एकत्र बसलो. आता सगळं आहे, तर एकत्र बसायला काय हरकत आहे? दुसऱ्या शंभर वर्षांसाठी दिंडीने एवढा एकच नियम लिहून ठेवावा. कढई एक, पंगत एक.

राम कृष्ण हरी.