ठेव, थकबाकी आणि भरवसा

यवतमाळात बसून बँकांच्या नफ्याचा अभ्यास करू पाहणाऱ्याला शेअर बाजाराचे आलेख फारसे उपयोगी पडत नाहीत. इथल्या सहकारी बँकांचे भाग बाजारात विकले जात नाहीत; परत करायचे झाले तर दर्शनी किमतीलाच. गुंतवणूकदाराचा विश्वास मोजायला इथे भावच नाही. मुदत संपल्यावर ठेवीदार पावती नवी करून घेतो की पैसे उचलतो, ते पाहावे लागते.

हिशेब तसा सोपा आहे. समजा, शंभर रुपयांची ठेव सात टक्क्यांनी घेतली आणि अकराने कर्जाऊ दिली. उरलेल्या चार रुपयांतले अडीच पगार-भाड्यात गेले. बुडीत कर्ज भागवायला दीड रुपया राहिला. शंभरातले दोन बुडाले की वर्ष तोट्यात.

कर्ज बुडाले हे कधी म्हणायचे, हा मात्र अवघड प्रश्न, आणि या शास्त्राची खरी गंमत तिथेच आहे. एरवी नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकलेले कर्ज अनुत्पादित ठरते. कमी मुदतीच्या पिकांच्या कर्जाला दोन हंगामांची सवड मिळते. कोरडवाहू कपाशीच्या जिल्ह्यात ती रास्तच. पण मार्चअखेर गावोगाव ‘नवं-जुनं’ होते: कुठून तरी हातउसने आणून जुने कर्ज भरायचे, लगेच नवे उचलायचे. याला शेतकऱ्याची लबाडी म्हणू नये. व्याजाची सवलत मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळते. ताळेबंद मात्र आहे त्यापेक्षा धडधाकट दिसतो. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांनी काही थकबाकी सरकारी तिजोरीतून वसूल झाली. वसुलीची सवय त्यांनी मोडली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला वाटते, पावसाचा आणि भावाचा हिशेब सोडून तो मिटणार नाही.

भरवसा गेला की काय होते, हे दाखवायला लांब जायला नको. यवतमाळच्याच बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले. ठेवीदाराला पाच हजारांपर्यंतच रक्कम काढता येत होती. वर्षभराने परवाना रद्द झाला. आज पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे कवच आहे, आणि त्या कवचाच्या इतिहासातही वऱ्हाड आहे. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळल्यावर १९६१ चा ठेव विमा कायदा आला. सुरुवातीचे संरक्षण होते दीड हजार रुपयांचे, आणि सहकारी बँका त्यात नव्हत्या. त्यांचा मार्ग १९६८ च्या दुरुस्तीने खुला झाला.

शाबूत भरवशाचा फायदा नफा-तोटा पत्रकात वेगळा लिहिलेला नसतो. ठेवी स्वस्तात मिळतात, कठीण वर्षातही त्या हलत नाहीत, म्हणून व्याजाचा फरक टिकतो. नवागताने वार्षिक अहवाल हाती आल्यावर लाभांशाचा आकडा पाहण्याआधी तरतुदींचे पान उघडावे, आणि त्याला मागच्या तीन वर्षांचे अहवाल जोडून वाचावेत. पुढची प्रकरणे त्याच क्रमाने लिहिली आहेत.