शिंपी आणि डिझायनर : मुंबईतील वेशरचनेच्या धंद्याचा इतिहास

मुंबईतील डिझायनरांच्या व्यवसायाचा आरंभ सामान्यतः १९८७ सालापासून मोजला जातो. त्या वर्षी तरुण ताहिलियानी ह्यांनी फोर्ट विभागात लायन गेटजवळ ‘ऑन्सॉम्बल’ हे दुकान उघडले, आणि कपडा कोणी रचला त्याचे नाव पाहून तो विकत घेण्याची पद्धत ह्या शहरात दुकानाच्या रूपाने स्थिरावली. घटना महत्त्वाची आहे, ह्यात वाद नाही. परंतु तिलाच आरंभ मानले, तर तिच्यापूर्वीच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मुंबईत कपडा रचला गेलाच नाही, तो केवळ शिवला गेला, असे म्हणणे प्राप्त होते. आणि ते वस्तुस्थितीला सोडून आहे. रचना होती, रचणारेही होते. त्यांच्या कामाला वेगळे नाव नव्हते, आणि त्यांचे स्वतःचे नाव कपड्याला लागत नव्हते, एवढेच. १९८७ नंतरचा इतिहास हा मुख्यतः नाव लागण्याचा इतिहास आहे. ते कोणाचे लागले व कोणाचे लागले नाही, हा त्यातील खरा प्रश्न होय.

ह्या प्रश्नाचा विचार शब्दांपासून करणे सोयीचे आहे. ‘शिंपी’ हा शब्द संस्कृत ‘शिल्पिन्’, प्राकृत ‘सिप्पि’ ह्या मार्गाने मराठीत आला असे मानले जाते. म्हणजे मुळात तो सुई चालविणाऱ्याचा वाचक नसून कसबी माणसाचा वाचक आहे. उलट हिंदीतील ‘दर्जी’ फारसीतून आला. तेथे ‘दर्ज’ म्हणजे कपड्याची शिवण. एकाच माणसाकडे एका भाषेने त्याच्या कसबाच्या बाजूने पाहिले, दुसरीने त्याच्या टाक्याच्या बाजूने. त्याहूनही लक्षणीय आहे ते ‘बेतणे’ हे क्रियापद. शिंपी चोळी बेततो आणि गृहस्थ प्रवासाचा बेत करतो, ह्या दोन्ही ठिकाणी मूळ शब्द एकच. हिंदीतील ‘ब्योंतना’ व ‘ब्योंत’ ह्यांतही हेच दोन अर्थ नांदतात. कापडाला कात्री लावण्यापूर्वी ते मनात कापून पाहावे लागते, ही जाण भाषेत अशी फार पूर्वीच मुरलेली आहे. इंग्रजीतील ‘डिझाइन’ ह्या शब्दाची अर्थकक्षा ह्याहून फारशी वेगळी नाही. तरीही ‘बेतणारा’ हे व्यवसायनाम मराठीत रूढ झाले नाही आणि ‘डिझायनर’ झाले. ह्याचे कारण भाषेच्या उणिवेत शोधू नये. ते बाजाराच्या रचनेत आहे. (शिंप्याच्या परिभाषेतील परकीय शब्दांचा इतिहास वेगळ्या निबंधाचा विषय आहे. ‘काज’ हा पोर्तुगीज ‘काझा’ म्हणजे ‘घर’ ह्यावरून आला. बटणाला घर हवे ही कल्पना ज्याला प्रथम सुचली, त्याचेही नाव कोणास ठाऊक नाही.)

एकोणिसाव्या शतकातील मुंबई हे वेशांच्या देवघेवीचे ठिकाण होते. कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये तिचे काम सुरू झाले. परंतु त्याच सुमारास ह्या शहरात घडलेल्या दुसऱ्या एका गोष्टीची नोंद उद्योगाच्या इतिहासात होत नाही. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. १८६४ मध्ये ते मुंबई इलाख्यात रुजू झाले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी ह्यांनी येथील पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची तऱ्हा पाहिली, तीत आपल्या सोयीने फेरफार केले आणि पोलके व परकर ह्यांसह ती बंगालमध्ये नेली. तेथे त्या तऱ्हेला मुंबईचेच नाव पडले. आज भारतभर सर्वसामान्य मानल्या जाणाऱ्या पाचवारी नेसण्याच्या घडणीत ह्या तऱ्हेचा मोठा वाटा आहे. तिला वेशरचना म्हणावयाचे नाही, तर मग वेशरचना कशाला म्हणावयाचे?

मराठी समाजात ह्याच्याशी समांतर असा बदल सकच्छ नऊवारीकडून गोल पातळाकडे झाला, आणि त्याला बराच काळ लागला. ह्या संक्रमणात रंगभूमीचा प्रभाव उपेक्षणीय नाही. बालगंधर्वांनी, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस ह्यांनी, स्त्रीभूमिकांत नेसलेली लुगडी, त्यांचे अलंकार आणि वेणीची ठेवण ह्यांचे अनुकरण पुण्यामुंबईच्या सुखवस्तु घरांतील स्त्रिया करीत. पुरुष नटाने स्त्रीवेशाची अभिरुची घडवावी, हा प्रकार चमत्कारिक वाटेल. पण त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट होते. नवी तऱ्हा पसरण्यासाठी मंच लागतो, प्रेक्षक लागतात, आणि पाहिलेले घरी करून देणारा शिंपी लागतो. मुंबईत हे तिन्ही होते.

गिरण्यांनी ह्यात भर घातली ती छापाची. कापडावरील नक्षीसाठी गिरण्यांच्या डिझाइन खात्यांत चित्रकार नोकरीस असत. त्यांची नक्षी लाखो वार कापडावर उमटे; पण काठावर शिक्का गिरणीचा असे. हातमागाच्या बाजूस १९५६ साली मुंबईत विणकर सेवा केंद्र सुरू झाले. पुपुल जयकर ह्यांच्या प्रेरणेने चित्रकार व विणकर ह्यांना एका छपराखाली आणण्याचा हा शासकीय प्रयोग होता. के. जी. सुब्रमण्यन हे काही काळ हातमाग मंडळाच्या कामात होते, आणि प्रभाकर बरवे ह्यांनी तर १९६१ पासून दोन दशके विणकर सेवा केंद्रांत नोकरी केली. बरव्यांच्या चित्रांविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे, त्यांच्या नोकरीविषयी मात्र फारसे नाही.

नाव लागण्याच्या इतिहासातील पहिले ठळक वळण चित्रपटाचे आहे, आणि ते एका मराठी स्त्रीच्या कामामुळे आले. भानू अथय्या, माहेरच्या राजोपाध्ये, ह्यांचा जन्म १९२९ साली कोल्हापुरात झाला. सर जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. प्रोग्रेसिव्ह गटाच्या १९५३ च्या प्रदर्शनात चित्रे मांडणाऱ्या त्या एकमेव स्त्री होत्या. इंग्रजी स्त्रीमासिकांसाठी वेशांची रेखाटने करता करता त्या बुटीककडे व तेथून चित्रपटाकडे वळल्या. ‘सी. आय. डी.’ (१९५६) पासून पुढे अर्धशतक त्यांनी काम केले. ‘आम्रपाली’ (१९६६) साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मध्ये मुमताज ह्यांच्यासाठी त्यांनी केलेली नारिंगी साडी आधीच शिवलेली होती. नृत्यात ती सुटू नये हा व्यावहारिक हेतू. तिची नक्कल देशभर झाली. ह्या साडीने मराठीपुढे एक लहानसा पेच टाकला आहे. मराठीत साडी ‘नेसतात’ आणि शिवलेला कपडा ‘घालतात’; ह्या भेदात शिवणे आणि न शिवणे ह्यांतील सगळे अंतर सामावलेले आहे. आधीच शिवलेली साडी नेसावयाची की घालावयाची? बोलण्यात आजही दोन्ही ऐकू येते.

‘गांधी’ (१९८२) ह्या चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो ह्यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात झगमगाट नाही. आहे ती खादी, धोतरे, साधी लुगडी, आणि माणसागणिक बदलणारी त्यांची नेसण. म्हणजे हा गौरव बेतण्याच्या कसबाचा होता. २०१२ मध्ये पुतळ्याच्या जपणुकीची खात्री वाटेना म्हणून त्यांनी तो अकादमीकडे परत पाठविला. २०२० साली त्यांचे निधन झाले.

ज्या वर्षी ‘गांधी’ पडद्यावर आला, त्याच वर्षाच्या १८ जानेवारीस दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप विधिवत् संपला असे कधी झालेच नाही, आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. पुढे गिरणगावाच्या जमिनींवर दुकाने व उपाहारगृहे उभी राहिली. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. कापड विणणारे शहर कपडे मांडणारे शहर झाले. ‘ऑन्सॉम्बल’ संपानंतर पाच वर्षांनी उघडले, ह्यात सरळ कार्यकारणभाव पाहणे धाडसाचे होईल. परंतु डिझायनराचे नाव उदयास आले ते गिरणीच्या शिक्क्याचा दरारा ओसरत असताना, हा कालक्रम नजरेआड करता येत नाही. अबू जानी व संदीप खोसला, रोहित खोसला ही नावे ह्या पिढीची. १९९५ मध्ये राष्ट्रीय फॅशन संस्थेची शाखा मुंबईत आली. त्याच साली ‘रंगीला’ मधील मनीष मल्होत्रा ह्यांच्या कामाने चित्रपटातील वेशभूषाकाराला बाजारातील डिझायनराशी जोडून दिले.

२००० साली दिल्लीत फॅशन सप्ताहाचा उपक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून मुंबईचा सप्ताह दिल्लीपासून वेगळा झाला. नवोदितांसाठी त्यात राखलेल्या मंचावरून पुढे नावारूपास आलेल्यांत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या तंत्रनिकेतनात शिकलेल्या मसाबा गुप्ता आहेत. २००९ मध्ये पदार्पण केलेल्या ह्या तरुणीने साडीवर गाय व कॅमेरा छापला. गिरणीच्या छापाचीच ती खट्याळ नात म्हणावी. नचिकेत बर्वे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकले, मुंबईत स्थिरावले, आणि ‘तान्हाजी’ च्या वेशभूषेसाठी महेश शेर्ला ह्यांच्यासह राष्ट्रीय पारितोषिकाचे मानकरी ठरले. वैशाली शडांगुळे विदिशेहून मुंबईस आल्या. त्यांनी २०२१ साली पॅरिसच्या उच्चवेश-सप्ताहात आपले काम मांडले.

वैशाली ह्यांच्या कामातील खणाचा वापर विशेष विचारार्ह आहे. ‘खण’ म्हणजे चोळीपुरते कापड. मराठी घरात तो ओटीत पडतो आणि लग्नकार्यात देवघेवीत फिरतो. पण विणला जातो बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे, कन्नड विणकरांच्या मागावर. ज्याचे माप ठरलेले, ज्याचा उपयोग ठरलेला, असे हे कापड चोळीतून बाहेर काढून त्याचे लांब झगे बेतणे म्हणजे शब्दाचा अर्थविस्तार करण्यासारखेच आहे. ह्या प्रयोगांनी मागांना काम मिळते. ते किती काळ मिळेल हे मात्र हंगामाच्या लहरीवर अवलंबून राहते, आणि विणकराचे घर हंगामावर चालत नाही.

कपड्यावरील भरतकाम मुंबईतच होते. उत्तर प्रदेश, बिहार व बंगालमधून आलेले जरदोजी कारागीर लहान कारखान्यांत ‘अड्ड्या’ भोवती मांडी घालून बसतात. अड्डा म्हणजे ज्यावर कापड ताणून बसवितात ती लाकडी चौकट. मुंबईतील अशा कामाचा मोठा भाग युरोपातील नामांकित पेढ्यांसाठी होतो, आणि अनेक दशके त्याची वाच्यता होत नसे. ३० मार्च २०२३ रोजी डिओर ह्या फ्रेंच पेढीने गेटवे ऑफ इंडियासमोर आपले वेश सादर केले, तेव्हा चाणक्य ह्या मुंबईतील भरतकाम संस्थेचा वाटा उघडपणे सांगितला गेला. पार्श्वभूमीस लावलेले प्रचंड तोरण त्याच संस्थेत भरले होते. २०१६ पासून ही संस्था स्त्रियांना भरतकाम शिकविते, हेही नोंदण्याजोगे. कारण अड्ड्यावरचे हे काम प्रायः पुरुषांचे होते.

संस्थेचे नाव लागले, ही प्रगती खरी. ज्यांनी टाके घातले, त्यांची नावे त्या तोरणावर नव्हती. डिझायनरांच्या मुंबईतील कारखान्यांत आजही कागदावर खाका उतरवून कापड बेतणाऱ्यास ‘मास्टरजी’ म्हणतात. मानाच्या ह्या संबोधनामागे त्याचे नाव बहुधा विचारले जात नाही. मानेपाशी शिवलेल्या चिठ्ठीवर ते येत नाही, आणि चिठ्ठी शिवणारा हात पुष्कळदा त्याच कारखान्यातला असतो.